वीराचा टाक

सन बत्तीसचा शिमगा उलटला आणि तलाठ्याने चावडीवर यादी वाचली. चौलच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा आहे, त्यातून आणि शेजारच्या आगरातून मिळून बावीस माणसं मोठ्या लढाईला गेली होती. त्यांच्या नावांचा दगड म्हणे सरकार बसवणार. लढाई संपून तेरा वर्षं झाली, तेव्हा कुठे आठवण झाली! मोहिमेचा काशाचा बिल्ला काय, गेलेल्या सगळ्यांनाच मिळाला होता. पण बहादुरीचं पदक ज्याला मिळालं, त्याच्या नावापुढे दगडावर चांदणी कोरायची होती. बावीस जणांत चांदणीवाला एकच निघाला, आगरातला एक हवालदार.

"हरेश्वर बाबाजी, तांडेल, बसरा. परत आला. सन सव्वीस साली मयत," तलाठ्याने वाचलं आणि बोट खाली सरकवलं. "भागोजी बुधाजी, खलाशी, बसरा. तिकडेच मयत."

बायकांत बसलेली हरेश्वरची बायको बायजा ताडकन उठली.

"तलाठीसाब, आमच्या मानसाच्या नावाफुडं चांदनी ऱ्हायली."

"यादीत नाही, बाई."

"यादीत नसंल. पन पदक व्हतं. चांदीचं, राजाच्या तोंडाचं. या हातात मी धरलंय."

चावडीच्या पायरीवर म्हातारी ठमी बसली होती. भागोजीची आई. डोळे गेलेले, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ती खदाखदा हसली. "पलून आलेल्याला पदक? मंग माज्या पोराला काय, राज्य देल सरकार?"

कुणी हसलं नाही, पण कुणी ठमीला गप्पही केलं नाही. बायजाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती तशीच पदर खोचून घरी आली.

हे नेमकं काय होतं, ते आधी सांगायला हवं. सोळा साली सरकारची माणसं किनाऱ्याने फिरत होती. बसऱ्याच्या नदीत बोटी चालवायला पाण्यातली माणसं पाहिजे होती. हरेश्वर गेला, आणि त्याच्या मागे लागून ठमीचा एकुलता एक भागोजीही गेला. मुंबईच्या बंदरात भरतीच्या रांगेत, गर्दीत हरवू नये म्हणून भागोजी हरेश्वरच्या सदऱ्याचं टोक धरून उभा होता, हे हरेश्वर पुढे कधीतरी हसून सांगायचा. बसऱ्यापर्यंतचं तो एवढंच सांगायचा, पुढचं काही नाही. तिथे दोघं एकाच बोटीवर होते, हा तांडेल, बोटीचा म्होरक्या, आणि तो खलाशी. परत आला तो एकटा हरेश्वर. आगरातला एक जण त्याच्या आधी परतला होता, त्याने सांगितलं, की बोट पेटली, तांडेल पोहत काठाला लागला आणि खलाशी जळाला. झालं! ठमीला तेवढं पुरलं. होडी बुडायची वेळ आली तर तांडेलाने सगळ्यांच्या शेवटी पाण्यात पाय टाकायचा, ही रीत कोळ्यांत कुठे लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडणाऱ्याला कुणी विसरत नाही. हरेश्वर काही बोलला नाही. खरं म्हणाला नाही, खोटं म्हणाला नाही. एक लहान होडी घेतली आणि मरेपर्यंत एकटाच खाडीत पागाचं जाळं टाकत राहिला. दुसरं माणूस त्याने होडीवर कधी घेतलं नाही.

तो गेला सव्वीस साली, तापाने. आता त्याचा मुलगा काळूराम बावीस वर्षांचा झाला होता. गडी बापापेक्षा उंच. पाच वर्षं मुंबईच्या गोदीत राबून त्याने एक मचवा बांधून घेतला होता. मचव्याला सहा खलाशी लागतात. कोळीवाड्यात एक मिळेना. ठमीने दारात बसून सगळ्यांना ऐकवलं होतं, "त्याच्या बापानं माजा पोर आगीत टाकला. त्याच्या मचव्यावं जो पाय ठेवंल, त्याच्या आयसला मी माज्यासंगं रडाया बसवीन." असलं बोलणं ऐकून कोण येणार? मचवा वाळूत पडला होता, झावळ्यांखाली. उन्हाने फळ्यांच्या सांध्यांना फटी पडत होत्या. काळूरामने आईला सांगून टाकलं होतं, की नारळी पुनवेपर्यंत माणसं जमली तर ठीक, नाहीतर मचवा विकायचा आणि गोदीत परत.

म्हणून बायजाला ती चांदणी हवी होती. मिरवायला नव्हे हो! दगडावर सरकारनेच लिहिलं की हा बहादूर, तर पुढे पळपुटा म्हणायची कुणाची छाती आहे? काळूरामच्या वयाचा सदा, ज्याच्या शब्दावर चार पोरं हलायची, तो संध्याकाळी येऊन म्हणालाच होता, "काकी, चांदनी आली तर आमी सा जन बसतो. ठमीआजीला मी बघतो."

आता एक गोष्ट बायजाने तोवर कुणाला सांगितली नव्हती, कारण तीत सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. ते पदक होतं, पण पदक म्हणून राहिलं नव्हतं.

हरेश्वर गेल्यावर वर्षभरात घराचं तंत्र बिघडलं. काळूराम आजारी पडला, होडी आपटली, आणि बायजाला नवरा स्वप्नात दिसायचा तो सारखा उंबऱ्याबाहेर उभा. भगताने सांगितलं, "तुजा मानूस ताटकलत हाय. लढाईवरून आलेला, वीर तो. त्याचा टाक कर, देवाऱ्यात बसव." टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. घरातला कर्ता पुरुष गेला की अशी करून पूर्वजांच्या ओळीत ठेवतात. घरात चांदी म्हणाल तर पत्र्याच्या डबीतलं ते पदक. बायजाला त्यात वावगं काय वाटणार? त्याच्या कमाईची चांदी, त्याच्याच अंगाला लागली. तिने ते चौलच्या दत्तात्रेय सोनाराला दिलं. त्याने ते मुशीत घातलं आणि घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर करून दिला. सहा वर्षं बायजा त्याला दर अमावास्येला भाताचा निवद दाखवत होती. ज्या रेशमी फितीत ते पदक अडकवलेलं होतं, ती फीत मात्र तिने डबीत जपली होती.

तर बायजा अलिबागला कचेरीत गेली. उजाडताच निघाली ती उन्हं चढेपर्यंत चालत होती. कारकून म्हणजे चष्म्यातला, सुपारी कातरणारा, पण माणूस वाईट नव्हता. त्याने हरेश्वरचा चाकरीतून सुटल्याचा कागद पाहिला.

"नंबर २१४६. तांडेल. वर्तणूक साधारण. पदक, निरंक." त्याने चष्मा वर केला. "बाई, इथे काही नाही."

"म्हनून तर आले. लिवायचं ऱ्हायलं."

"राहतं कधीकधी. मग पदक आणा. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते बघितलं की दोन ओळींचं काम आहे."

बायजाने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि टाक टेबलावर ठेवला. हळदीकुंकवासकट. कारकुनाने सवयीने हात जोडले आणि मग दचकून सोडले.

"हे काय?"

"पदक."

"हा देव आहे, बाई."

"पदकाचाच केलाय. त्यात तीच चांदी हाय, भाईरची एक गुंज न्हाय." तिने फीत पुढे केली. "आनि ही बघा."

फीत बघून कारकुनाचा अडकित्ता थांबला. तो रंग त्याच्या ओळखीचा होता. तो मोहिमेच्या बिल्ल्याचा नव्हता, बहादुरीच्या पदकाचाच होता. त्याने टाक उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागून तो नुसता गुळगुळीत पत्रा होता.

"अहो, पुरावा वितळवलात तुम्ही," तो म्हणाला.

"मी त्यास्नी बसाया जागा केली," बायजा म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथे फुटलं. कचेरीत चार माणसं बघत होती, तरी फुटलं. तिला आपल्या हाताचीच चीड आली होती. ज्या हाताने घर सावरलं, त्याच हाताने मुलाचा मचवा बुडवला, असं तिला झालं.

कारकुनाने तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "सोनाराला विचारून बघा. काही लिहून ठेवलं असलं तर."

दत्तात्रेय सोनार तेव्हा साठीचा होता, आणि भलताच तिरसट. बायजाने विचारताच तो फणकारला. "लिहून ठेवलं असलं तर? अहो, तीस वर्षांत एक वाल मोड माझ्याकडे न लिहिता आलेली नाही. उद्या माल चोरीचा निघाला तर फौजदार मानगूट कुणाचं धरेल?" त्याने माळ्यावरून सव्वीस-सत्तावीसची वही काढली, फुंकर मारली, थुंकी लावून पानं उलटली. "हं. बायजा हरेश्वर कोळीण. चांदीचा बिल्ला एक, वर राजाचा मुखवटा. कडेला इंग्रजी अक्षरे व आकडा. आकडा २१४७."

"आनि नाव?"

"इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. आकडे येतात. रुपयावर असतात ना."

दुसऱ्याच दिवशी तो वही काखेत मारून तिच्याबरोबर अलिबागला आला. तिरसट असला तरी मनाने मोठा होता. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"कागदावर शेवटी सहा, वहीत सात. एका आकड्याची चूक झाली तुमची."

"माझी?" सोनार लालबुंद झाला. "गुंजेच्या वजनात माझी नजर चुकत नाही, ती आकड्यात चुकेल? सात होता म्हणजे सात होता."

"बरं बाबा, सात. नजरचुकीने एकाचा फरक पडला असावा, असं लिहून मी वरच्या दफ्तराला विचारतो. फीत आहे, वही आहे. निघेल काहीतरी." कारकुनाने बायजाचा अंगठा घेतला. "उत्तर तुमच्या पत्त्यावर येईल. सोनाराच्या दुकानावर मागवू? वाचायला बरं."

बायजा हलक्या पायांनी घरी आली. एका आकड्याचं काय एवढं? तेवढ्यासाठी सरकार खळखळ करणार आहे होय! सदाला तिने सांगितलं तेव्हा तो मचव्यावर थाप मारून म्हणाला, "काल्या, उद्यापासून सांदं भराया घेऊ." आणि खरंच, चैत्रापासून सहा पोरं मचव्याच्या फटींत कापूस ठोकायला लागली, राळ लावायला लागली. ठमी दारातून ओरडायची, पण तिचं कुणी मनावर घेईना. काळूराम घरात गाणं गुणगुणायला लागला. बायजाने देवाऱ्यातल्या वीराला एक दिवस सांगूनसुद्धा टाकलं, "बघा, तुमी बोलला न्हाईत, मीच बोलले."

पावसाचा जोर ओसरला. श्रावण लागला. नारळी पुनवेला आठ दिवस राहिले असताना सोनाराचा निरोप आला, की पत्र आलं.

ती गेली तेव्हा दुपार होती, आणि भट्टी विझलेली होती. पत्र सोनाराच्या मांडीवर होतं. त्याने तिला बस म्हटलं, पाणी दिलं, गूळ दिला. असली सरबराई त्याच्या दुकानात कुणी कधी पाहिली नव्हती. बायजाने गूळ तसाच खाली ठेवला.

"न्हाय म्हनतात काय?"

"वाचतो," सोनार म्हणाला, आणि वाचायला लागला. "आपल्या अर्जावरून चौकशी केली. नंबर २१४७ चे पदक..." इथे तो थांबला. "नंबर २१४७ चे पदक खलाशी भागोजी बुधाजी याचे आहे."

बायजाने पत्रावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुढं हाय काय?"

"राहू दे, बायजाबाई."

"वाचा."

"नदीत तोफेच्या माऱ्याने बोट पेटली, व तांडेल बोट सोडून गेला असता, सदर इसमाने सुकाणू धरून बोट किनाऱ्यास लावली. तीत नऊ जखमी होते, ते वाचले. सदर इसम भाजून मयत झाला. पदक त्याच्या आईस पोचते करण्याकरिता, त्याच गावचा म्हणून हरेश्वर बाबाजी याचे हाती देण्यात आले. पोच म्हणून त्याचा अंगठा आहे. आईस पोचल्याची पोच दफ्तरी नाही, सबब सदर पदकाची नोंद अपुरी राहिली आहे. ते आईस पोचले किंवा नाही, ते कळवावे."

आकड्याची चूक त्याची नव्हती हे सोनाराला कळलं होतं, पण ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं असावं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघा. पत्र तुम्हाला आलं आणि मी वाचलं. तिसऱ्या कानाला कळायचं कारण नाही. वाड्यात सांगा, पदक होतं हे सरकारने कबूल केलं. ते तर खरंच आहे. चांदणी कोरायची तेव्हा कोरतील नाहीतर नाही. तोवर पोराचा मचवा पाण्यात जाईल, दोन खेपा मासळी आली की लोक विसरतील. मी मरेपर्यंत बोलणार नाही."

"तुमी न्हाय बोलनार, शेट. ठावं हाय मला," बायजा म्हणाली. पत्र घेऊन ती उठली.

परतीच्या वाटेवर तिला एकेक आठवत गेलं. हरेश्वर आला त्या वर्षी रोज उठून ठमीच्या आळीत जायचा, कनवटीला काहीतरी बांधून, आणि तसाच परत यायचा. पागात पहिला मासा येईल तो ठमीच्या दारात ठेवून यायचा आणि ठमी तो उकिरड्यावर भिरकावायची. बायजा चिडायची, की तुम्हाला लाज कशी नाही वाटत त्या बयेच्या शिव्या खायला? तो म्हणायचा, "खाऊ दे." आणि पदक पहिल्यांदा तिने पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "तुमास्नी मिलालं?" तो म्हणाला होता, "सरकारनं दिलं." कुणाला दिलं, ते त्याने सांगितलं नव्हतं. सांगायचं तर बाकीचं सगळंच सांगावं लागलं असतं. मेल्या, एवढं पोटात घेऊन कसा जगलास, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी त्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर तिने त्याला बदडून काढला असता.

वाळूवर सहाही पोरं मचव्याला तेल लावत होती. काळूरामने लांबूनच हाक मारली, "आये, आलं काय?" ती सरळ घरात गेली. देवाऱ्यातून वीराचा टाक उचलला, पाण्याने धुतला, पदराने पुसला. सहा वर्षांचं कुंकू होतं, ते लवकर निघेना. मग टाक मुठीत धरून ती भर दिवसाढवळ्या आळीतून चालू लागली. ओसरीवर जाळी सांधणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. हिच्या चालण्यात काय होतं कुणास ठाऊक, सदा तेलाचा बोळा टाकून मागे आला, त्याच्यामागे काळूराम.

ठमी दारात जवळा निवडत होती. बोटांनीच निवडायची, डोळे तर नव्हते.

"कोन?"

"मी बायजा, काकी."

"चल, हो भाईर."

"जाते. तुजा भागोजी आनलाय, तेवढा घे." तिने टाक ठमीच्या ओंजळीत ठेवला.

म्हातारीची बोटं चांदीवर फिरली. घोडा, तलवार, डोक्यावरचं पागोटं. "ह्यो कोन घोड्यावं? माजा पोर जन्मात घोड्यावं बसला न्हाय."

"सोनारानं बसवलाय. चांदी त्याची हाय." आणि मग बायजाने सगळं सांगितलं. पत्रात होतं तसं, त्याच क्रमाने. बोट पेटली. भागोजीने सुकाणू धरलं. नऊ माणसं काठाला लागली. तो जळाला. सरकारने त्याला पदक दिलं, आईला द्यायला म्हणून हरेश्वरच्या हाती दिलं, आणि हरेश्वरने ते दिलं नाही. तिने ते न जाणता वितळवलं.

आळीतल्या बायका हातातलं काम टाकून जवळ आल्या.

"आनि तुजा मानूस?" ठमीने विचारलं. "आग लागली तवा तुजा मानूस कुठं व्हता?"

बायजाला मागे काळूराम उभा आहे हे ठाऊक होतं. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"त्यांनी उडी मारलेली," ती म्हणाली. "आदीच."

आता ठमी काय काय बोलणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. तेरा वर्षं जे ती ओरडत होती, ते आज खरं ठरलं होतं. पण म्हातारी ओरडली नाही. तिने टाक छातीशी धरला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मी बोंब मारायची ती कशापाय ठावं हाय?" ती म्हणाली. "मला वाटं, कुनीतरी येल आनि सांगंल, न्हाय गं ठमे, असं न्हाय झालं, दोगांनीबी उडी मारली, तुज्या पोराला पान्यानं नेला. पान्यानं नेला तर नेला, आमच्यात नेतोच. जलाला म्हनून नको सांगाया. एवढी वर्सं कुनी आलंच न्हाय. आलीस ती तू आलीस, आनि ह्ये सांगाया आलीस."

बायजा तिथेच जमिनीवर बसली. ठमीने टाक चाचपत विचारलं, "ह्याला खायाला काय घालायचीस?"

"भात. अमुशेला. कधी वाटीभर सोलकढी."

"त्याला सोलकढी आवडायची," ठमी म्हणाली, आणि टाक घेऊन चाचपडत आत गेली. दार लावून घेतलं.

सदाने काळूरामच्या खांद्यावर हात ठेवला, तो थोडा वेळ ठेवला आणि काढला. बाकीची पाच पोरं तेव्हाच पांगली होती. नारळी पुनवेला सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, काळूरामचा मचवा तेवढा वाळूत राहिला. त्याच आठवड्यात तो उरणच्या एका माणसाने नेला. तेल लावून तयार होता, चांगला दिसत होता.

मुंबईला निघताना काळूराम आईला एवढंच म्हणाला, "आये, पुनव होईस्तवर गप ऱ्हायली असतीस तर?"

"तर तू तांडेल झाला असतास."

"मंग?"

"मंग सा पोरं तुज्या मचव्यावं बसली असती, तुज्या बापावं इस्वास ठेवून," बायजा म्हणाली. काळूराम तिच्या पाया पडला आणि गेला. रागावून गेला की कसा, ते तिला त्याच्या पाठीवरून कळेना.

भागोजीची नोंद दुरुस्त व्हायला कार्तिक उजाडला. पदक आईला पोचलं ह्याची पोच हवी होती, म्हणून कारकून स्वतः वाड्यात आला. त्याने विचारलं, "पदक पोचलं का?" ठमीने अंगठा पुढे केला आणि म्हणाली, "पोचलं. तेरा वर्सांनी पोचलं." साक्षीला बायजाचा अंगठा लागला. तिचा देवारा मात्र तसाच राहिला. इतर पूर्वजांच्या ओळीत एका टाकाएवढी जागा मोकळी होती, आणि तिथे दुसरं काही ठेवायचं तिच्या मनात येईना. अमावास्येचा भात ती मांडायची, पण कुणासमोर ठेवायचा ते कळत नसे, म्हणून बाहेर नेऊन कावळ्यांना घालायची.

दगड बसला तो चावडीच्या बाजूला. साहेब आला, हार घातला, गेला. गर्दी ओसरल्यावर बायजा घरी निघाली, तर ठमीची हाक आली.

"बायजे, हायस काय? हात धर. कुठं हाय ती चांदनी?"

त्या दिवसापासून दोघींत एक शब्द झाला नव्हता. बायजाने तिचा हात धरून दगडापाशी नेला आणि तिचं बोट भागोजीच्या नावापुढच्या चांदणीवर ठेवलं. पाच टोकं. ठमीने पाचही चाचपली, एकदा, दोनदा. मग तिचं बोट अक्षरांवरून फिरत वरच्या ओळीवर गेलं. नावं भरतीच्या नंबरांनी लावलेली होती, एकामागे एक, दोघं रांगेत उभे होते तशी.

"आनि ह्यो कोन, वरचा?" ठमीने विचारलं. "ह्याच्याफुडं चांदनी न्हाय."

बायजाने ते नाव पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते कुठे कोरलंय हे तिने पाथरवटाला सकाळीच विचारून घेतलं होतं.

"त्याचा तांडेल," ती म्हणाली.